गाणं मोठं, यंत्र लहान

मागच्या खेपेला आपण गटाच्या दप्तराबद्दल आणि व्याजाच्या हिशेबाबद्दल बोललो होतो. आज दप्तर बाजूला ठेवू आणि गाण्याबद्दल बोलू. आपल्या जिल्ह्यात आता कितीतरी गट स्वतःची गाणी करतात. कुणी दारूबंदीवर करतं, कुणी पाण्यावर, कुणी लेकीच्या शिक्षणावर. मग ते गाणं घरातच फोनवर भरून घेतात आणि इकडेतिकडे पाठवतात. आम्ही सहयोगिनी गावोगाव फिरतो तेव्हा बाया एकच गाऱ्हाणं सांगतात. "ताई, म्हणताना इतकं छान वाटलं होतं, फोनात ऐकलं तर काहीतरी वेगळंच आहे."

हे गाऱ्हाणं नवं नाही. गाणं बाईच्या तोंडून निघतं. पण त्यातलं मागे काय उरतं, हे ते धरून ठेवायला हाताशी कोणतं साधन आहे त्यावर ठरत आलं आहे. शंभर-सव्वाशे वर्षं हेच चालू आहे.

आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलंच बघा. मलकापूर सोडलं की पुढे जळगाव जिल्हा लागतो. तिथल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. 1880 चा जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. वावरात काम करता करता, जात्यावर दळता दळता गाणी सुचायची आणि त्या म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती गाणी कागदावर उतरवून घेतली. बहिणाबाई 1951 साली गेल्या आणि पुढच्याच वर्षी, 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. त्या घरात गाणं धरून ठेवायचं साधन म्हणजे कागद आणि पेन्सिल एवढंच होतं. त्या साधनाने शब्द वाचवले, आणि काय शब्द वाचवले! पण पेन्सिलीला चाल उतरवता येत नाही. बाई कुठे थांबली, कुठे आवाज चढवला, जात्याच्या कोणत्या फेऱ्याला कोणता शब्द आला, हे वहीत येत नाही. आज आपण बहिणाबाईंची गाणी ज्या चालींवर ऐकतो, त्या नंतरच्या संगीतकारांनी लावलेल्या आहेत. त्या चाली गोड आहेत, आम्हीही गुणगुणतो. पण त्या आसोद्याच्या जात्यावरच्या नव्हेत.

आवाज धरणारं यंत्र मात्र बहिणाबाई तरुण होत्या तेव्हाच आपल्या देशात येऊन पोचलं होतं. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नावाचा माणूस कलकत्त्याला उतरला. सामान म्हणजे एक मोठा कर्णा, मेणाच्या तबकड्या आणि किल्लीचं वगैरे यंत्र. वीज नाही, मायक्रोफोन नाही. गाणाऱ्या बाईने कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचं. त्या आवाजाच्या जोराने सुई हलायची आणि मेणावर रेघ कोरली जायची. हळू गायलं तर काही उमटत नसे. फार जोरात गायलं तर सुई उडे. म्हणून तान वर गेली की डोकं मागे घ्यायचं, खाली आली की पुढे न्यायचं. नाजूक आवाजाची वाद्यं या कर्ण्याला नीट ऐकूच येत नसत. ज्याचा आवाज मोठा, तो मागे. ज्याचा बारीक, तो कर्ण्याला चिकटून. गाण्याचा तोल सगळा बसायच्या जागेवर.

त्या यंत्राचा सगळ्यात मोठा नियम वेळेचा होता. तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास गाणं मावायचं. तीन मिनिटं झाली की संपलं, गायिका कोणीही असो. एकेक राग तासभर मांडणाऱ्या कलावंतांना ते सगळं तीन मिनिटांत बसवावं लागलं. काही मोठ्या गवयांनी तर यंत्रापुढे गायला नकारच दिला. पुढे आल्या त्या बहुतेक बायाच, आणि त्याही अशा बाया, ज्यांना समाज "चांगल्या घरच्या" म्हणत नव्हता. त्यांच्यातली सगळ्यात नावाजलेली म्हणजे गौहर जान. तीन मिनिटांत गाणं कसं उभं करायचं, उगाच पसारा न करता मुखडा कसा मांडायचा आणि वेळ संपायच्या आत कसं उतरायचं, हे तिने इतकं नेमकं साधलं की पुढच्यांनी त्यावरून धडा घेतला. आज सिनेमातलं गाणं साधारण तीन-चार मिनिटांचं असतं, आणि गाणं एवढंच असतं असं आपल्यालाही वाटतं. ते माप कुण्या गायकाने ठरवलेलं नाही. मेणाच्या तबकडीवर जेवढी जागा होती, त्यातून ते पडत गेलं. आपली भुलाबाईची गाणी बघा, जात्यावरच्या ओव्या बघा. त्यांना असं माप कुठे आहे? पायलीभर ज्वारी असेल तर पायलीभर ओव्या.

गौहर जानच्या तबकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, आणि आज आम्हाला मुख्य तीच सांगायची आहे. गाणं संपलं की शेवटी ती मोठ्या आवाजात इंग्रजीत म्हणते, "माय नेम इज गौहर जान." माझं नाव गौहर जान. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या गटातल्या पोरी हसल्या. केवढी ऐट, म्हणाल्या! ऐट असेलही, पण कारण साधं होतं. मेणावर कोरलेलं गाणं जहाजातून जर्मनीतल्या हॅनोवर शहरी जायचं. विकायच्या तबकड्या तिकडे बनायच्या. कलकत्त्यात कारखाना निघाला तो 1908 साली. हॅनोवरच्या कारागिराला हिंदी येत नव्हतं, बंगालीही नाही. कोणत्या गाण्यावर कोणाच्या नावाचा कागद चिकटवायचा, हे त्याला कळावं म्हणून गायिकेनेच शेवटी नाव सांगायचं. यंत्राची आणि अंतराची अडचण होती, त्यातून बाईचं नाव तिच्याच आवाजात कायमचं कोरलं गेलं. ज्या काळात बाईने स्वतःचं नाव चारचौघांत घेणं उद्धटपणा समजत, त्या काळात हे झालं.

पुढे मायक्रोफोन आला. मोठं गायचं बंधन गेलं, हळुवार गाणंही उमटू लागलं. तबकडीचं माप मात्र बरीच वर्षं तेच राहिलं. आपल्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर किती मोठ्या गायिका! 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची यानं आकाशात सोडली. त्यांत पृथ्वीवरचं निवडक संगीत भरून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. त्यात भारतातून केसरबाईंची भैरवी गेली. ती साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. सूर्यमालेच्या पार जे गेलं, तेसुद्धा तबकडीत मावेल एवढंच.

कॅसेटचा काळ तुम्हा-आम्हाला आठवतो. साठ मिनिटांची कॅसेट, तीस मिनिटं एका बाजूला. तबकडी काढायची तर कंपनी लागायची. टेपरेकॉर्डर मात्र गावात यायचा, कुणाच्या तरी लग्नात मिळालेला. भीमगीतं, भजनं, लग्नातली गाणी त्यावर भरली गेली. एकावर वाजवायचं, सोबत म्हणायचं आणि दुसऱ्यावर भरायचं, असेही खटाटोप लोकांनी केले. दर नकलेला खरखर वाढायची. पण ज्यांना कंपनीने कधी दारात उभं केलं नसतं, त्यांचा आवाज त्या खरखरीतून घराघरांत पोचला. त्याबद्दल कॅसेटचे उपकारच म्हणायचे.

याच काळात आपल्या महाराष्ट्रात एक मोठं काम झालं. ते प्रत्येक गटाला माहीत असावं असं आम्हाला वाटतं. गी पॉइतवां हे मूळचे फ्रान्सचे, पुण्यात स्थायिक झालेले. त्यांनी आणि हेमा राईरकर यांनी 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हळूहळू हे काम हजाराहून अधिक गावांत पोचलं आणि ओव्या झाल्या एक लाखाहून जास्त. एक लाख! आणि यातल्या बहुतेक आधी हाताने लिहून घेतलेल्या. गावच्या बायांकडून ऐकायच्या आणि वहीत उतरवायच्या. टेपवर भरायचं काम नंतर आलं. बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यात सामील झाले आणि नव्वदच्या दशकात 120 तासांहून अधिक आवाज भरून ठेवला गेला. ऐकायला 120 तास पुष्कळ वाटतात, पण लाख ओव्यांपुढे ते थोडेच. बाकीच्या ओव्या बहिणाबाईंच्या गाण्यासारख्या कागदावर राहिल्या.

कागदावरची ओवी दोन ओळींची. तीच बाई जात्यावर म्हणते तेव्हा ओळ परत घेते, मध्ये "बाई" घालते, "गं" घालते, सोबतीण ओढून धरते आणि जात्याची घरघर खालून चालूच असते. लिहिणाऱ्याने "बाई" आणि "गं" गाळले तर अर्थ बदलत नाही. पण गाणं बदलतं. या कामात आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ओवीसोबत बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या 1996 साली टेपवर घेतल्या, हे आज आपण सांगू शकतो ते त्यामुळे. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर या ओव्या टप्प्याटप्प्याने येत गेल्या. फोनवर ऐकता येतात. ज्यांच्या आज्यांनी त्या म्हटल्या, त्या नातीही त्या ऐकू शकतात.

आता आपल्या फोनाकडे येऊ.

मेहकर तालुक्यातल्या एका गटाने मागच्या हिवाळ्यात गाणं केलं. त्यात आम्हीही होतो. विषय होता घराच्या आठ-अवर आणि शेताच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्याचा. सात कडवी झाली. पाचवं कडवं गटातल्या सगळ्यात वयस्क आजींनी केलेलं. नवरा गेल्यावर भावकीने वावर कसं काढून घेतलं, ते त्यात होतं. बाकी कडव्यांत नाव लावा, नाव लावा असं सांगितलेलं. या एका कडव्यात नाव नसल्यावर काय होतं ते होतं.

भरून घ्यायला एकच बरा फोन होता, एका ताईच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीचा. पहिल्यांदा टिनाच्या खोलीत बसलो. टिनं आवाज परत फेकतात, आणि वाऱ्याने वाजतात ते वेगळंच. मग देवळाच्या सभामंडपात गेलो. तिथे आवाज इतका घुमला की शब्दात शब्द मिसळले. शेवटी एका ताईच्या घरी कापसाच्या खोलीत बसलो. वेचणी झालेली होती आणि भाव वाढेल म्हणून कापूस घरातच होता, अर्ध्या भिंतीपर्यंत. आत गेलो आणि आपलाच आवाज आपल्या कानाशी आल्यासारखा वाटला. कापूस आवाजाची घुमक पिऊन टाकतो. शहरातल्या स्टुडिओत भिंतींना गाद्या लावतात त्या याचसाठी. आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत घरोघरी असे स्टुडिओ भरलेले असतात, कुणाच्या लक्षात येत नाही इतकंच. कापूस नसेल तर भिंतीवर आणि दारावर गोधड्या टांगाव्या, त्यानेही बराच फरक पडतो. फक्त कापसाच्या खोलीत चूल, उदबत्ती, दिवा काही नको, हे सांगायची गरज नसावी.

फोन जमिनीवर ठेवला तर पायाची हालचाल ऐकू येते. म्हणून पालथ्या डब्यावर चौघडी केलेला रुमाल आणि त्यावर फोन. फोनचा माईक बहुतेक खालच्या टोकाला असतो, तिकडे तोंड. फोन विमानाच्या खुणेवर टाकायचा, नाहीतर मध्येच कुणाचा तरी फोन येतो. ढोलकी मात्र काही केल्या जमेना. फोन आपोआप आवाज कमी-जास्त करतो. ढोलकीची थाप पडली की तो सगळाच आवाज खाली ओढतो आणि बायांचे शब्द बुडतात. ढोलकी दाराबाहेर ओसरीवर नेली, तरी तेच. शेवटी ढोलकी बंद केली आणि एका ताईने ज्वारीने भरलेल्या डब्यावर हाताने ठेका धरला. मग आम्ही जागा बदलल्या. आजी पुढे, फोनपासून हातभर. मोठ्या आवाजाच्या दोघी मागे दाराशी. तेव्हा कळलं की ही 1902 चीच बैठक आहे. कर्णा गेला, फोन आला, पण माईक एक असला की तोल जागेनेच साधावा लागतो. काही फोनांची तर आणखी खोड आहे. एकसारखा चालणारा आवाज तो गोंगाट समजून पुसून टाकतो. जात्यावर बसून ओवी म्हटली तर जात्याची घरघर तुटक तुटक येते. त्या फोनला बोलणं कळतं, जातं कळत नाही.

सगळ्यात मोठी अडचण मात्र चुकण्याची होती. सात कडवी एका दमात म्हणायची, तर ध्रुवपद घोळवून नऊ मिनिटं व्हायची. एखादी चुकली की पहिल्यापासून. आणि चूक व्हायची ती पाचव्या कडव्यातच, कारण त्यातली ओळ लांब, आजींचा दम कमी, शिवाय तिथे आल्यावर दोघी-तिघींचा गळा भरून यायचा. चौथ्या वेळेला फोनची बॅटरी संपत आली. कुणीतरी म्हटलं, "हे कडवं सोडून देऊ, बाकी सरळ जातं." कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळ्यांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता. आणि सहा कडव्यांचं गाणं खरंच एका दमात झालं.

सोपं तेवढं राहिलं, अवघड ते गेलं. आजी काही बोलल्या नाहीत.

पुढे ते गाणं फोनाफोनांतून फिरलं. स्टेटसला तर थोड्याच वेळाचं ठेवता येतं, म्हणून लोकांनी फक्त ध्रुवपद आणि पहिलं कडवं ठेवलं. तबकडीला निदान तीन मिनिटं तरी होती! दर वेळी पुढे पाठवताना कुणी कापलं, कुणी वर फोटो लावला. महिना-दोन महिन्यांनी ते एका प्रचाराच्या गाडीवर वाजलं. आमच्याच बायांचे आवाज, पुढे-मागे दुसऱ्याच कुणाचा जयजयकार. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "गाणं कुणाचं आहे ते त्यात कुठे लिहिलंय?"

सातबाऱ्यावर नाव लावा म्हणून केलेल्या गाण्याला स्वतःचं नाव नव्हतं.

कायद्याचं सांगायचं तर 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. स्वतः रचलेल्या गाण्याचा हक्क ते रचून कागदावर किंवा फोनात उतरवलं की रचणारीला मिळतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. रचणारी गेल्यानंतरही 60 वर्षं तो वारसांकडे राहतो. पण गाणं आमचं आहे हे दाखवायला काहीतरी हवं. गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवलेली तारीख, कडवी आणि कोणतं कडवं कुणी रचलं ते असलं तर उपयोगी पडतं. दर महिन्याच्या बैठकीचं इतिवृत्त आपण लिहितोच. गाण्याला त्यात एक पान लागतं.

आणि गौहर जानने केलं ते करावं. गाणं संपलं की थांबायचं नाही. त्याच दमात, त्याच आवाजात, गटाचं नाव, गावाचं नाव, म्हणणारींची नावं. आमच्या बायांना आधी लाज वाटली. गाऊन झाल्यावर नाव सांगायचं म्हणजे शाळेत हजेरी दिल्यासारखं, म्हणाल्या. एकीने तर आपलं नाव सांगताना नवऱ्याचंच नाव आधी सांगितलं. आम्ही परत सांगायला लावलं. लोक कापायचे ते शेपूटच कापतात, म्हणून आम्ही आता नाव सुरुवातीलाही सांगतो आणि मध्ये एका ध्रुवपदातही गावाचं नाव ओवून घेतलं आहे. ते काढायचं तर गाणंच मोडतं. आपल्या संतांनी अभंगात शेवटी नाव घातलं, जनाबाईंनीही घातलं, तेव्हा यात लाजायचं काय?

रेडिओचं वेगळं आहे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आकाशातल्या लहरी लोकांच्या मालकीच्या आहेत. पण आपल्यासारख्या संस्थांना स्वतःचं केंद्र चालवायची परवानगी मिळायला 2006 साल उजाडलं. 2008 साली तेलंगणात जहीराबादजवळ दलित बायांनी चालवलेला संघम रेडिओ सुरू झाला. साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशीचं केंद्रही त्याच वर्षी सुरू झालं. या केंद्रांचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो, फार नाही. पण तिथे नऊ मिनिटांचं गाणं नऊ मिनिटं वाजू शकतं, कुणाची तरी गाडी मध्ये येत नाही.

म्हणून पाचवं कडवं आम्ही पुन्हा घेतो आहोत. एका दमात नाही. फोनात तुकडे जोडता येतात, ते लेकीने शिकून घेतलं आहे. तुकडे जोडताना सूर हलतो, कारण प्रत्येक वेळी बाया वेगळ्याच पट्टीत उचलतात. त्यासाठी भजनी मंडळाची पेटी मागून आणली. तुकडा सुरू करायच्या आधी काळी चार दाबून ठेवायची, सगळ्यांनी तो सूर धरायचा, मग म्हणायचं. पेटीचा तो आवाज नंतर कापून टाकता येतो. लांब ओळ दोघींनी वाटून घेतली आहे. अर्धी आजी म्हणतात, उरलेली त्यांची सून. कुणाचा गळा भरून आला तर तसाच राहू द्यायचा, असं बैठकीत ठरलं आहे आणि इतिवृत्तात लिहिलं आहे.

ज्या ताईंच्या घरी कापूस आहे, त्यांनी येत्या सोमवारी व्यापारी येणार असल्याचा निरोप दिला आहे. रविवारी दुपारी, लाइट गेलेली असते तेव्हा, गावातल्या चक्क्या आणि घरातले पंखे बंद असतात. ती वेळ ठरवली आहे. फोन आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवायचा.